ओपन लुक की मोटिफ? एकाच मशीनवर सात महिने दोन्ही वापरून

सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन, स्पार्कस्टेशन 5, घेतलंय, त्यावर सोलारिस 2.6 (सनची युनिक्स) आहे आणि यात लॉगिन करतानाच निवडता येतं, ओपनविंडोज (ओपन लुकवाला डेस्कटॉप) पाहिजे का सीडीई (मोटिफवाला). म्हणजे 1988-89 पासून ज्यावरून सन आणि एटी अँड टी एका बाजूला, आयबीएम, एचपी, डेक वगैरे ओएसएफवाले (ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन या गटातले) दुसऱ्या बाजूला अशी जुंपली होती ते ओपन लुक आणि मोटिफ, म्हणजे युनिक्सवर खिडक्या, मेनू, बटणं कशी दिसावी आणि चालावी याच्या दोन पद्धती, इथे एकाच घरात नांदतायत. मी आधी साडेतीन महिने सीडीई वापरलं, मग तेवढंच ओपनविंडोज.

सीडीई चांगलंय, खाली फ्रंट पॅनेल, चार वर्कस्पेस, बटणं उठावदार, दाबली की आत जातात. विंडोजची सवय असलेल्याला फार शिकावं लागत नाही.

पण ओपन लुकची पिन बघा एकदा! मेनूच्या कोपऱ्यात छोटीशी टाचणी असते, ती टोचली की मेनू स्क्रीनवर तिथेच राहतो, आणि डायलॉगला पण तीच टाचणी, म्हणजे अप्लाय केलं तरी खिडकी जात नाही, फॉन्ट बदलून बघा, परत बदला, परत बघा. मोटिफमध्ये 1.2 पासून मेनू फाडून बाजूला ठेवता येतो हे मान्य, पण टाचणीची सर त्याला नाही. स्क्रोलबार तर मला जाम आवडला. वरखालीचे दोन्ही बाण एकाच छोट्या डब्यावर, दोरीवरच्या लिफ्टसारखा तो सरकतो आणि बाण दाबत राहिलं की माऊसचा पॉइंटरही त्याच्याबरोबर जातो, हात हलवायलाच नको. मोटिफमध्ये एक बाण वरच्या टोकाला, एक पार खाली, लांबलचक फाईल वाचताना मनगट दुखायचं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, क्लोज या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे. ओपन लुकमध्ये क्लोज म्हणजे खिडकीचा आयकॉन होणार, बंद करायला क्विट. मोटिफमध्ये क्लोज म्हणजे खिडकी बंदच! ओपनविंडोजमध्ये दोन आठवडे काढून एका संध्याकाळी सीडीईत गेलो, टर्मिनलला क्लोज दिलं आणि आत चाललेलं कंपाइल गेलं, खूप वाईट वाटलं.

मार्च 1993 मध्ये सीओएसई, म्हणजे युनिक्स कंपन्यांचा एकच डेस्कटॉप ठेवण्याचा करार, जाहीर झालं, सननेही मोटिफ स्वीकारलं आणि ओपन लुक मागे पडलं. मला अजूनही वाटतं की हाताला सोयीचं ते हरलं. मी आता रोज ओपनविंडोजच निवडतो, आणि मोटिफची अ‍ॅप्स त्यातही चालतात कारण खाली दोघांच्या एक्सच (युनिक्सवर खिडक्या काढणारी एक्स विंडो सिस्टीम) आहे, फक्त त्या खिडक्यांमधले स्क्रोलबार तेवढे मोटिफचेच राहतात.