सात दिवस की तेरा? 'दिस इज व्हेअर आय लीव्ह यू' आणि 'पगलैट'

घरातलं माणूस जातं, पांगलेलं कुटुंब एका छपराखाली येतं आणि विधी उरकेपर्यंत कुणाला निघता येत नाही. दोन्ही चित्रपटांचा सांगाडा हाच. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर 'पगलैट' लावा.

नावं बघून निवडायला गेलात तर मात्र पारडं उलटं झुकेल. 'दिस इज व्हेअर आय लीव्ह यू'मध्ये (२०१४) जेन फोंडा आई आहे. जेसन बेटमन, टीना फे, कोरी स्टॉल आणि अ‍ॅडम ड्रायव्हर ही तिची मुलं. शिवाय रोझ बर्न, कॅथरिन हान. ज्यू रीतीप्रमाणे सात दिवस 'शिवा', म्हणजे शोककाळ, पाळायचा, म्हणून चौघं भावंडं घरात अडकतात. पण दिग्दर्शक शॉन लेवी त्यांना क्षणभर शांत बसू देत नाही. एकाची बायको त्याच्याच बॉसच्या मिठीत, दुसऱ्याला मूल होत नाही, तिसऱ्याची होणारी बायको वयाने बरीच मोठी. एक दुखणं जरा उघडं पडलं की लगेच पुढचं. कॅथरिन हानसारख्या ताकदीच्या नटीला 'मूल हवं' या एका सुरापलीकडे काही मिळत नाही आणि जेन फोंडाच्या वाट्याला छातीच्या शस्त्रक्रियेवरचे तेच ते विनोद. याचा मला खरंच राग येतो. टीना फेचा जुना प्रियकर समोरच्याच घरात राहतो; अपघातात मेंदूला इजा झाल्यामुळे तो तिथेच थांबून गेलाय. तो झालेला टिमथी ऑलिफंट आणि ती समोरासमोर आले की चित्रपटाला अचानक खोली येते. ही एकच गोष्ट पूर्ण चित्रपटाला पुरली असती!

'पगलैट'मध्ये (२०२१, नेटफ्लिक्स) नवरा नुकताच गेलाय आणि लखनौच्या त्या भरल्या घरात संध्या, म्हणजे सान्या मल्होत्रा, फेसबुकवरचे शोकसंदेश वाचत बसलीय. रडू येत नाही, भूक मात्र लागलीय. चहा नको, पेप्सी हवं. लग्नाला जेमतेम पाच महिने झालेत, कुणासाठी रडायचं हेच तिला कळत नाही. दिग्दर्शक उमेश बिश्त यांनी छोट्या भूमिकाही जपल्यात. मुलगा गेल्याचं दुःख आणि घराच्या कर्जाचा हप्ता, दोन्ही आशुतोष राणांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात. संध्याची सासू झालेल्या शीबा चड्ढा अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सासूचं करतात, त्यातच त्यांचं आयुष्य कळतं. उत्तरार्धात नवऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचं प्रकरण लांबतं आणि शेवट जरा जास्तच बोलून दाखवतो, पण तेवढं चालून जातं.

आईवडिलांसोबत बघणार असाल तर अमेरिकन चित्रपट सुरुवातीच्याच बेडरूमच्या प्रसंगात अवघड करेल. अ‍ॅडम ड्रायव्हर आवडत असेल तर तो एकट्याने बघा. आणि भावंडांचीच भांडणं हवी असतील तर सीमा पाहवांचा 'रामप्रसाद की तेरहवी' आहे. सुप्रिया पाठक, विनय पाठक, मनोज पाहवा, कोंकणा सेन शर्मा अशी भरगच्च मंडळी आणि प्रत्येकाला करायला काहीतरी आहे.