सातशे वाचवायला गेलो आणि 19,800 घालवून बसलो

दिवाळीच्या सुट्टीत सोमनाथ-द्वारका करायचं ठरलं. अमळनेरहून आम्ही नऊ जण. घरात हिशेब माझ्याकडे. बाकीचे मला चिक्कू म्हणतात. प्रवास स्लीपरचा, सोबत दशम्या, लसणाची चटणी, शेव, म्हणजे वाटेत खाण्यावर खर्च नाही. बाहेरची हॉटेलं एका खोलीला 1,800 सांगत होती, म्हणून सोमनाथला ट्रस्टच्या अतिथीगृहातच उतरायचं ठरवलं.

गुगलवर शोधलं, नकाशात मोबाइल नंबर दिसला, लावला. "जय सोमनाथ, बोलिए सेठ!" व्हॉट्सअॅपच्या डीपीला मंदिराचा कळस. खोल्यांचे फोटो आले, सगळ्यांच्या आधारची झेरॉक्स मागितली, तीही पाठवली (हे आता जास्त टोचतं). खोली 1,100 ला. तीन खोल्या, दोन रात्री, 6,600. निम्मे आधी.

पैसे टाकताना स्क्रीनवर कुठल्याशा बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे, "हमारी अकाउंटंट मॅडम है." मी 3,300 टाकले.

माय ओसरीवरून ओरडली, "खोली भेटनी का रे भाऊ?"

"भेटनी, माय."

पाच मिनिटांत फोन. रक्कम दोन भागांत आली की कॉम्प्युटर बुकिंग घेत नाही, पूर्ण 6,600 एकदम टाका, आधीचे आपोआप परत येतील. टाकले. लगेच पुन्हा फोन: आता तुमचे 9,900 झाले, सगळे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा, मग नव्याने भरा. मी स्कॅन केला. रक्कम 9,900 आधीच भरलेली, खाली पिनचे रिकामे ठिपके. तो फोनवर घाई करत होता, "जल्दी डालिए सेठ, सर्वर बंद हो जाएगा." मी पिन टाकला.

खात्यातून आणखी 9,900 गेले.

पुतणी शेजारीच बसलेली. म्हणाली, "काका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन पैसे द्यायला लागतो." वीस वर्षं मी दुकानाचा गल्ला सांभाळतोय आणि हे मला बारावीची पोर सांगते!

तिनेच 1930 लावला, ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. त्यांनी व्यवहाराचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेतले, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायला लावली. तासाभरात कळवलं म्हणून शेवटचे 9,900 पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत. बाकीचे तोवर काढून झाले होते. लाजेखातर सकाळपर्यंत गप्प बसलो असतो, तर तेही गेले असते.

ट्रस्टचा यात काही संबंध नाही. त्यांची सोमनाथ डॉट ऑर्ग ही साईट आहे, खोली तिथूनच घ्यायची. नकाशातला नंबर कोणीही बदल सुचवून घुसडू शकतो, हे मला पैसे गेल्यावर कळलं. आणि संस्थेच्या नावाऐवजी व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच थांबा. मला खटकलं होतं, पण सातशे वाचत होते ना.

शेवटी आम्ही 1,800 च्याच खोल्यांत राहिलो. परत आल्यावर पुतणीच्या मोबाइलवरून तो नंबर लावून पाहिला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"जय सोमनाथ, बोलिए सेठ!"