कॅन्सरचा रिपोर्ट समजावून सांगणारं काउन्सेलिंग: काम एक नंबर, वेळेची बोंब

पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट समजावून सांगायला वेगळ्या काउन्सेलर मॅडम बसतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे.

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, रिपोर्टवर 'ग्रेड ३' वाचून मामाने सगळ्या नातेवाइकांना लास्ट स्टेज म्हणून फोन करून टाकले, घरात नुसती रडारड. मॅडमनी आधी तेच घेतलं, की ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी नॉर्मलपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात ते, आणि स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि आजार कुठवर गेलाय ते, दोन्हीचा आकडा वेगळा. ब्रेस्टमध्ये ग्रेड ३ पर्यंतच असते. मावशीची गाठ ३ सेंटीमीटर, काखेत काही दिसत नाही, बाकी कुठे पसरलेलं नाही, म्हणजे सध्या तरी स्टेज २, पक्कं ऑपरेशननंतर. मामा गप्प!

मग ईआर, पीआर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोन पकडणारे रिसेप्टर, ते पॉझिटिव्ह. मावशी म्हणाली, "पॉझिटिव्ह म्हणजे कोरोनासारखं का हो मॅडम?" तर म्हणे, "नाही हो काकू, तुमचा कॅन्सर हार्मोनवर पोसतोय एवढंच, उलट बरंय, हार्मोन अडवणारी गोळी चालेल." ती गोळी निदान पाच वर्षं, रोज. हर-टू, म्हणजे पेशींवरचं कॅन्सर वाढवणारं एक प्रोटीन, त्याच्यापुढे २+ होतं, ते धड इकडे ना तिकडे. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, मधलं आलं की फिश टेस्ट (हर-टूचं जीन जास्त झालंय का ते बघणारी) करायची, कारण ट्रास्टुझुमॅबचं, म्हणजे हर-टूला अडवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. निओ-अॅडज्युव्हंट केमो म्हणजे ऑपरेशनच्या आधीची, हे तर दोन शब्दांत झालं, आम्ही उगाच घाबरलेलो. सगळं कागदाच्या मागे पेनने काढून दाखवलं, तो कागद घरी पण दिला.

आता तक्रार. ११ ची वेळ देतात आणि मॅडम येतात साडेबाराला, केमोच्या पेशंटला पण त्याच बाकड्यावर ताटकळत ठेवतात, हे अजिबात पटलं नाही. फिश टेस्टला बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) लागतो, तो पहिल्या लॅबमधून आपणच आणायचा असतो, हे रिसेप्शनवर कुणी आधी सांगत नाही, त्यात एक हेलपाटा फुकट गेला. टेस्टचे पैसे पण अगदी शेवटी सांगितले.

५ पैकी ४. जाताना सोनोग्राफी आणि स्कॅनची फाइल बरोबर न्या, नुसत्या बायोप्सीवरून स्टेज सांगत नाहीत.