खाडीकाठच्या प्लॉटची माती तपासून घेतली, त्याबद्दल

उलव्याजवळ गोदाम बांधायचं होतं. आरसीसी कन्सल्टंटनी बजावलं, आधी माती तपासा. म्हणून पनवेलची एक लॅब ठरवली, आणि काम मनापासून पटलं. भरावाखालची करडी, शिंपल्यांचे तुकडे असलेली चिकणमाती त्यांनी पातळ भिंतीच्या नळीत न हलवता काढली आणि दोन्ही टोकं तिथल्या तिथे मेणाने बंद केली. नमुना हलला किंवा सुकला की पुढचे आकडे बिनकामाचे.

वजनाखाली माती किती आणि किती वेळात दबते, ती चाचणीही लॅबच्या मॅडमनी दाखवली. मातीची 60 मिमी व्यासाची, 20 मिमी जाड चकती कड्यात, वर-खाली सच्छिद्र दगड, आणि वजन दर 24 तासांनी दुप्पट. दबणं मोजणाऱ्या डायलचा काटा आधी भरभर, मग मुंगीच्या पावलांनी सरकतो, कारण आतलं पाणी निघेल तशीच ही माती दबते. थर दुप्पट जाड तर वेळ चौपट! चकतीला तास लागतात तिथे काही मीटर थराला वर्षं. भरावावर घाईने केलेली फरशी का भेगाळते, ते तेव्हा नीट कळलं.

अहवालात किती खचेल आणि किती काळात, दोन्ही आहे. उपायही सांगितला: पाणी बाहेर काढायला मातीत उभ्या घुसवलेल्या निचरा पट्ट्या, वर माती आधीच दाबायला तात्पुरता जादा भराव. पट्ट्यांमुळे पाण्याची बाहेर पडायची वाट मीटरभरावर येते, म्हणून माती लवकर दबते.

आलेख मात्र मराठीत समजावून द्यायला हवे होते. आठवड्याच्या आत अहवाल मागू नका, ही चाचणी तेवढा वेळ घेतेच. माझ्याकडून साडेचार स्टार.