गाणी शिकवणाऱ्यांनो, हा 'परवाना' घेऊ नका: माझे ४८,७३९ रुपये गेले

यूट्यूबवर गिटार, पेटी, बासरी, काहीही शिकवत असाल आणि 'म्युझिक लायसन्सिंग'च्या नावाने फोन आला, तर ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर हे वाचत बसू नका, आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा. मग या.

माझे गेले ते असे: २,४९९, मग ११,८००, मग २५,०००, मग ९,४४०. एकूण ४८,७३९ रुपये. चारही वेळा यूपीआयने, चारही वेळा मी स्वतः पिन टाकून. हे शेवटचं मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मीच आधी सांगून मोकळा होतो.

डिजिटल अरेस्ट, वीजबिल, कुरिअरमधलं पार्सल, बदली झाली म्हणून सोफा विकणारा लष्करी साहेब, हे सगळे प्रकार मला माहीत होते. तुम्हालाही आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर असले इशारे मीच टाकायचो. (ग्रुपवर हे अजून कोणाला माहीत नाही. आता होईल.) तेव्हा 'एवढे शिकलेले असून कसे फसलात' हे विचारायचं असेल तर आधी पुरतं ऐकून घ्या.

मी पुण्यात सहकारनगरला राहतो, भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलीची माळ्यावर पडलेली गिटार खाली काढली आणि मागे लागलो. पहाटे घरचे उठायच्या आत अर्धा तास, न चुकता. सुरुवातीला जी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुळणी) सी ला जाताना बोटं अडखळायची. एफ कॉर्ड तर वाजायचीच नाही. पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून धरायच्या, वर बाकीची बोटं जागेवर बसवायची, म्हणजे छळच. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) साठवर ठेवून तेच तेच घोटलं, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, मग बसलं. पण मराठी गाण्यांच्या कॉर्ड्स शोधायला जावं तर निम्म्या चुकीच्या. म्हणून मीच एकेक गाणं बसवून टाकायला लागलो. जुनी भावगीतं, आरत्या, शाळेतल्या प्रार्थना. कॅपो (तारा दाबणारा चिमटा) गिटारच्या दांड्यावरच्या कितव्या फ्रेटवर, ठेका कसा, कोणतं बोट जागचं हलवायचं नाही, सगळं सावकाश. चॅनल लहानच, सहा हजारांच्या आसपास लोक. मिळकत म्हणाल तर अधूनमधून तारांचा एक सेट निघायचा, बस.

श्रावणात एका सकाळी यूट्यूबची मेल आली. एका भावगीताचा धडा उतरवलाय, कॉपीराइट स्ट्राइक लागलाय. ही मेल खरी होती. यूट्यूब स्टुडिओ उघडून पाहिलं, तिथेही स्ट्राइक दिसत होता. हे नीट लक्षात घ्या, कारण 'खोट्या मेलला भुललात' म्हणणारे पुष्कळ भेटले. मेल खोटी नव्हती. स्ट्राइकमागची तक्रार खोटी होती. तक्रारीचा फॉर्म कोणीही भरू शकतो, भलत्याच कंपनीचं नाव घालूनसुद्धा. २०१९ साली यूट्यूबने स्वतः अमेरिकेत असल्याच एका खंडणीखोरावर दावा लावला होता. तोही खोटे स्ट्राइक लावून लोकांकडे पैसे मागत होता. म्हणजे धंदा जुना आहे. मला कळलं उशिरा.

क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेम आला तर व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, विषय संपला. असले क्लेम मला कितीतरी आले, त्याचं कधी काही वाटलं नाही. स्ट्राइकचं तसं नाही. नव्वद दिवसांत तीन लागले की चॅनलच बंद होऊ शकतं. पहाटे उठून केलेलं सगळं काम एका बटणावर जाणार म्हटल्यावर डोकं चालत नाही, आणि नेमक्या त्याच दुपारी फोन आला.

स्वच्छ मराठी. पेठेतली वाटावी अशी. 'सर, आम्ही अंधेरीहून बोलतोय, त्या गाण्याच्या हक्कांचं काम आमच्याकडे आहे. तुमच्यासारख्या माणसाचं चॅनल बंद पडावं असं आम्हालाही वाटत नाही.' आणि पुढे काय म्हणावं त्याने? 'सर, अंतऱ्याला तुम्ही जी वरून सरळ डी ला न जाता मध्ये ई मायनर घेता ना, ते फार गोड लागतं.'

घरात ही गोष्ट आजवर कोणाच्या कानाला लागली नव्हती. हिच्याही नाही. चोराच्या लागली. त्याने माझा धडा शेवटपर्यंत पाहिला होता, बहुधा दोनदा.

मग नोंदणीचे २,४९९. त्यानंतर वीस गाण्यांच्या वार्षिक परवान्याचे दहा हजार, अधिक जीएसटी. बिल आलं ते असं: १०,०००, त्यावर सीजीएसटी ९००, एसजीएसटी ९००, एकूण ११,८००. राज्यातल्या राज्यात व्यवहार, म्हणून कर दोन भागांत, केंद्राचा आणि राज्याचा. बरोबर. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७. तेही बरोबर. पुढे २५,००० 'परतावा अनामत' मागितली, त्यावर कर लावला नव्हता, आणि परत द्यायच्या अनामतीवर तो लागतही नाही. आमच्या कारखान्यात खरी बिलं येतात ती इतकी बिनचूक नसतात! अशा बिलावर मी विश्वास ठेवला तर मी मूर्ख?

पण एक क्षण होता. तो मला अजून झोपू देत नाही.

अकरा हजार आठशेचा क्यूआर मी जेवणाच्या टेबलावर बसून स्कॅन केला. रक्कम टाकली. पिनचे ठिपके यायच्या आधी वर खातेदाराचं नाव येतं, बारीक अक्षरात. तिथे कुठल्याशा 'मोबाईल अँड रिचार्ज सेंटर'चं नाव आलं. बिल अंधेरीच्या म्युझिक कंपनीचं आणि पैसे रिचार्जच्या दुकानाला. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. मी फोनवर विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, 'सर, ते आमचे कलेक्शन पार्टनर. तुम्ही अकाउंट्सवाले, तुम्हाला काय सांगायचं.' आणि मी, ज्याने बिलावरचं नाव आणि चेकवरचं नाव जुळत नाही म्हणून व्हाउचरं टेबलावरून परत धाडली आहेत, माणसांना रडकुंडीला आणलंय, त्या मी पिन टाकला. कारण तो 'अकाउंट्सवाले' म्हणाला. माझा हा व्यवसाय त्याला मीच दहा मिनिटांपूर्वी सांगितला होता.

नाव जुळत नसेल तर थांबा. पार्टनर असू दे, नाहीतर पार्टनरचा बाप.

'लायसन्स सर्टिफिकेट' पीडीएफमध्ये आलं, वर गोल शिक्का, खाली सही. अनामत भरली. आठवड्याने दुसरा स्ट्राइक. 'सर, तो आमच्या दुसऱ्या विभागाकडून चुकून गेला, मागे घ्यायचं शुल्क ८,००० अधिक कर.' भरले, ९,४४०. का भरले? चाळीस हजार अडकलेत, त्यात नऊ हजारांनी सुटका होतेय म्हणून. जुगाऱ्याचा हिशेब, मला दुसऱ्या कोणी सांगितला असता तर मी त्याला हसलो असतो. त्यानंतर 'मागील काळाची रॉयल्टी' म्हणून ६४,९०० मागितले, तेव्हा कुठे मी मुलीला फोन केला.

ती वाकडहून रविवारी आली. जीएसटीच्या साइटवर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिनही लागत नाही. तिने तो पंधरा अक्षरी नंबर टाकला. नंबर खरा निघाला. सिमेंट-सळ्यांच्या एका व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्यालाही पत्ता नसणार की त्याच्या नंबरावर भावगीतं विकली जातायत. बायकोने एवढंच विचारलं, 'गिटारपायी?' आणि आत गेली.

तेव्हा लिहून ठेवा. बिलावरचा नंबर नुसता बघू नका, साइटवर टाकून कोणाचा आहे ते पाहा. यूट्यूब स्ट्राइक काढायचे पैसे घेत नाही. तक्रारदाराने मागे घेतला, तुमचा प्रतिदावा (तक्रार चुकीची आहे असं तुमचं लेखी उत्तर) मान्य झाला किंवा नव्वद दिवस सरले (मध्ये एक छोटं कॉपीराइटचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं), की स्ट्राइक जातो. प्रतिदावा केलात तर समोरच्याला कामाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. खोटा तक्रारदार कोर्टात कशाला जाईल? मात्र त्यात तुमचं नाव-पत्ता त्याच्याकडे जातं, ते ध्यानात ठेवून करा.

आणि हक्कांचं म्हणाल, तर हक्क असतात, मी नाही म्हणत नाही. आपल्या कायद्यात कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. तेव्हा 'जुनं गाणं, कोण विचारतंय' हे चालत नाही. पण गाण्यांचा परवाना एक तर खुद्द मालक देतो, नाहीतर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३३ खाली नोंदलेली सोसायटी देते. गीत-संगीतासाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) आहे. अशांशी व्यवहार कागदावर होतो, रिचार्जच्या दुकानाच्या क्यूआरवर होत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! मी विचारलं नव्हतं ते सोडा.

आता तक्रारीचं. १९३० वर नोंद केली, सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरली, पोचक्रमांक मिळाला. तिथवर ठीक. मग चौकी.

गणपतीचे दिवस. साहेब बंदोबस्ताला. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'गिटारचा क्लास चालवता का? नोंदणी आहे का त्याची?' मी म्हटलं, क्लास नाही, यूट्यूब आहे, फुकट शिकवतो. 'फुकट शिकवता, मग लायसन कशाला काढलं?' याला काय उत्तर द्यायचं? आयटी कायद्यातला तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, ते मलाही माहीत आहे, पण तक्रार लिहून घ्यायला काय हरकत होती? 'विसर्जन झाल्यावर या.' पुण्याची मिरवणूक एक दिवस उलटून गेली तरी संपत नाही, त्यानंतर सगळे झोपलेले. गेलो तर म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम मोठी नाही, तुमच्या हद्दीतच द्या. हद्दीत म्हणाले, पैसे गेले ते खातं परराज्यातलं आहे. अहो, माझं घर तर इथे आहे! हद्द कोणतीही असो, खबर लिहून घ्यावीच लागते, हे नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये आहे, असं मी प्रिंट काढून नेलं. हवालदारांनी ती प्रिंट वाचली, पाठीमागे कोरी आहे का पाहिलं, आणि तिच्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी मोबाईल नंबर लिहून घेतला.

बँकेत आणखी थंड. 'तुम्ही स्वतः पिन टाकलात ना?' हो. 'मग व्यवहार अधिकृत.' मी म्हटलं, फसवून टाकून घेतला. 'सर, सिस्टीमला ते कळत नाही.' सिस्टीमला कळत नाही म्हणून तर तिथे माणसं बसवली आहेत ना? अर्ज घेतला, पोच मागितली तर 'मेलवर येईल'. आली नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, ती केली आहे. तुम्हीही शाखेत लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, चहा विचारला तरी.

त्या रिचार्जवाल्याच्या खात्यात ३,११२ रुपये गोठवले गेलेत म्हणे. बाकीचे पुढे चार खात्यांतून फिरून गेले. ते ३,११२ मिळवायलासुद्धा कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा मला सांगितलं, आणि वकिलांनी आपली फी सांगितली ती पाच हजार. म्हणूनच म्हणतो, पहिल्या तासात १९३० लावा. मी मुलगी येईपर्यंत थांबलो, कारण घरात बोभाटा नको होता. झाला तो झालाच.

दोन्ही स्ट्राइक मुदत संपून गेले, एक पैसा न देता. चॅनल आहे. भावगीताचा तो धडा मात्र परत आलेला नाही.

आणि एक. असं झालं की महिन्याभरात दुसरा फोन येतो, त्यालाही भुलू नका. मला आला. 'सर, तुमची रक्कम ट्रेस झाली आहे, ४८,७३९. रिफंड प्रोसेसिंगचे फक्त ३,९९९ भरायचे.' आकडा पैशापर्यंत बरोबर. तो मी चौकीत लिहून दिला होता, बँकेत दिला होता आणि चोरांना ठाऊक होता. यातलं कोणाकडून फुटलं ते मी सांगत नाही. मी म्हटलं, साहेब, ३,९९९ त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले ४४,७४० पाठवा. फोन ठेवला त्याने.