एदितोर, रेदाक्तोर की कोर्रेक्तोर: स्पॅनिशमध्ये आपलं काम काय म्हणून सांगायचं?

मराठीत वाटणी सरळ आहे. मजकुरावर हात फिरवतो तो संपादक, पदरचे पैसे घालून पुस्तक बाजारात आणतो तो प्रकाशक. हीच वाटणी डोक्यात धरून मी माद्रिदच्या एका प्रकाशनसंस्थेला ईमेल केला होता, 'सोय एदितोरा', मी संपादक आहे. उत्तरात त्यांच्या पुस्तकांची परदेशी हक्कांसाठीची यादी आली आणि खाली प्रश्न: मराठीत तुम्ही एक आवृत्ती किती प्रतींची काढता? मला हवं होतं मजकूर तपासायचं काम, आणि त्यांनी मला प्रकाशक करून टाकलं.

चूक त्यांची नव्हती. 'एदितार' म्हणजे मुळात पुस्तक प्रसिद्ध करणं, त्यामुळे 'एदितोर' म्हटलं की प्रकाशक आधी डोळ्यांसमोर येतो. संस्थेत नोकरीला असून पुस्तकं निवडणारी, लेखकाशी बोलून मजकूर घडवणारी व्यक्तीही एदितोरच. पण तिथे संस्थेचं नाव शेजारी असतं, म्हणून घोटाळा होत नाही. घरी बसून कामं घेणाऱ्यांनी हा शब्द एकटा वापरू नये. जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करून टिपा-प्रस्तावना लिहिली असेल, तर मात्र 'एदिसिओन दे' आणि पुढे आपलं नाव. कातेद्रा या स्पॅनिश प्रकाशनसंस्थेच्या 'लेत्रास इस्पानिकास' मालेतली पुस्तकं पाहा, तिथे असंच छापतात.

मजकूर दुरुस्त करत असाल तर 'कोर्रेक्तोर', बाई असेल तर 'कोर्रेक्तोरा'. आपल्याकडे 'मुद्रितशोधक' म्हटलं की समोरचा मानधन निम्मं करतो, म्हणून या शब्दाची मला धास्ती वाटायची. ती फुकटच होती. स्पेनमध्ये कोर्रेक्तोरांची 'उनिको' नावाची संघटना आहे, आणि २७ ऑक्टोबर, म्हणजे डच विद्वान इरॅस्मसचा मानला जाणारा जन्मदिवस, हा या मंडळींचा दिवस मानतात. फक्त पुढे काय जोडायचं ते ठरवा. 'दे एस्तिलो' म्हणजे अडखळणारी वाक्यं, चुकलेले शब्द, तीच ती पुनरुक्ती सावरणं. 'ओर्तोतिपोग्राफिका' म्हणजे शुद्धलेखन, विरामचिन्हं, तिरपा ठसा, अवतरणचिन्हं. आपल्या मुद्रितशोधनाच्या जवळचं. लॅटिन अमेरिकेत बरेचदा दोन्ही कामं 'दे एस्तिलो' याच नावाखाली चालतात. तेव्हा मेक्सिकोचं काम घेताना नक्की काय करायचंय ते आधी विचारून घ्यावं.

वृत्तपत्रात सगळं आणखी फिरतं. बातम्या लिहिणारा नि बसवणारा तो 'रेदाक्तोर', साधारण आपला बातमीदार-उपसंपादक. 'एल पाईस'सारख्या दैनिकाचा संपादक असतो 'दिरेक्तोर', आणि स्पेनमध्ये वृत्तपत्राचा 'एदितोर' म्हणजे बहुधा मालक! कोलंबियात किंवा मेक्सिकोत मात्र 'एदितोर दे देपोर्तेस' हा क्रीडा पानांचा संपादक. 'एदितोरियाल'चं तर लिंगावर ठरतं: पुल्लिंगी 'एल एदितोरियाल' म्हणजे अग्रलेख, स्त्रीलिंगी 'ला एदितोरियाल' म्हणजे प्रकाशनसंस्था.

कंपन्यांसाठी मजकूर लिहिणाऱ्यांनी 'एस्क्रितोर' लावू नये, तो कथा-कादंबरीवाल्यांचा. 'रेदाक्तोर दे कोन्तेनिदोस' बरं. जाहिरातींसाठी 'रेदाक्तोर पुब्लिसितारियो'. पानांची मांडणी करणारा स्पेनमध्ये 'माकेतादोर', अटलांटिकपलीकडे 'दिआग्रामादोर'.

मी आता ईमेलखाली 'कोर्रेक्तोरा दे एस्तिलो' एवढंच लिहिते. त्यानंतर आलेल्या पहिल्या उत्तरात प्रतींचा विषय नव्हता. विचारलं होतं, मधल्या मोकळ्या जागा धरून दर हजार अक्षरांना किती घेता?