व्हायोलिनसाठी प्युअर डेटा: फुकट आहे आणि मींड मोडत नाही

लाइव्ह इफेक्ट्ससाठी, म्हणजे वाजवतानाच आवाजात पडसादासारखे बदल करायला, महागडा पेडल घ्यायच्या आधी प्युअर डेटा हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर वापरून बघाच. फुकट, ओपन सोर्स, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतं. नव्वदच्या दशकात मिलर पकेट यांनी लिहिलं, त्याआधी पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हे असंच सॉफ्टवेअरपण त्यांनीच बनवलेलं.

मी आधी एक हार्मोनायझर पेडल (आपल्या सुराला जोडीचा दुसरा सूर देणारा) वापरायचे, त्यात सा वरून ग वर मींड घेतली, म्हणजे न तुटता घसरत गेलं, की दुसरा आवाज पायऱ्या चढल्यासारखा तुटक यायचा, कारण तो आपला सूर ओळखून जवळच्या ठरलेल्या सुरावर नेऊन बसवतो. अहो पण आपल्याकडे दोन सुरांच्या मधलीच तर खरी मजा! प्युअर डेटात मी सूर ओळखायला लावतच नाही. वाजवलेलं जसंच्या तसं डिलेत, म्हणजे आवाज थोडा वेळ साठवणाऱ्या जागेत, लिहायचं, थोडं उशिरा वाचायचं आणि त्यातलं थोडं परत आत सोडायचं, बस, मींड आंदोलनासकट, म्हणजे सुराच्या हलक्या झोक्यासकट, अख्खी येते. परत सोडायचा आकडा १ च्या खालीच ठेवा, नाहीतर आवाज वाढतच जातो. मी ०.६ ठेवते.

श्रावणात धुळ्याला कानबाईच्या जागरणात गाण्यांच्या मागे हेच वाजवलं तर एक आजी म्हणे, "तू एकलीच वाजाडी ऱ्हायनी का आखो कोनी शे?" (एकटीच वाजवतेयस की आणखी कोणी आहे?) मला अजून काय पाहिजे!

वाजवल्यापासून आवाज बाहेर येईपर्यंतच्या उशीराचं म्हणाल तर प्युअर डेटा स्वतः ६४ सॅम्पलच्या (आवाजाच्या मोजमापांच्या) तुकड्यांत काम करतं, सेकंदाला ४४१०० सॅम्पल धरले तर जेमतेम दीड मिलिसेकंद. खरा उशीर साउंड कार्डच्या बफरचा, म्हणजे आवाज साठवून मग पुढे पाठवण्याचा, म्हणून विंडोजवर हा उशीर कमी करणारा असिओ ड्रायव्हर टाकाच. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानाला यायला लागतो तेवढा वेळ, तेवढं चालतं. व्हायोलिनला पिएझो पिकअप (कंपन पकडून आवाज वायरीत देणारा) असेल तर साउंड कार्डच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा, लाइन इनपुटला लावला की खालच्या तारांचा भरदारपणा जातो. आणि स्पीकर आपल्यापुढे, तोंड लोकांकडे, नाहीतर शिट्टी सुरू.

दिसायला अगदी साधं आहे, पांढऱ्या पानावर डबे आणि वायरी, तयार इफेक्ट्सची दुकानदारी नाही, सुरुवातीला डोकं खातं. पण कुठल्याही डब्यावर राइट क्लिक करून हेल्प दाबा, चालू उदाहरण उघडतं, मी त्यातूनच शिकले. वाजवताना हात मोकळे नसतात म्हणून कीबोर्डसारखा चालणारा यूएसबी फूटस्विच घ्या, फक्त प्युअर डेटाची विंडो समोर असू द्या, मागे गेली की पाय दाबून काही होत नाही.